सरासरी जुळली, पण भोपळे कुठे गेले?

विंचूरच्या उपबाजारात कांद्याचे ट्रॅक्टर रांगेला लागले की लिलाव सुरू होईपर्यंत तरुण पोरांच्या हातात मोबाइल असतो, आणि त्यावर बऱ्याचदा क्रिकेटचा गेम. मैदान हुबेहूब, प्रेक्षकांचा गलका हुबेहूब, खेळाडूंच्या दाढ्यासुद्धा ओळखू येतात. मग कधीतरी अकराव्या क्रमांकाचा फलंदाज चाळीस चेंडूंत शतक ठोकतो आणि शेजारून बघणारा म्हणतो, ‘असं कुठं असतं का रे?’

प्रश्न सहज विचारलेला असला, तरी तो अस्सल विज्ञानाचा आहे. खऱ्या गोष्टीची आकड्यांनी केलेली नक्कल कितपत खरी आहे, हे ठरवायचे कसे? हाच प्रश्न साथीच्या रोगाचे भाकीत करणाऱ्यांना पडतो आणि पावसाचा अंदाज देणाऱ्यांनाही. क्रिकेटच्या गेमवर त्याचे उत्तर शोधणे सोपे, कारण क्रिकेटची आकडेवारी आपल्याकडे घराघरांत पाठ असते.

गेमच्या खरेपणाचे दोन भाग आहेत. एक चित्राचा: गवत, सावल्या, चेंडूची शिवण. दुसरा आकड्यांचा: किती धावा, किती बळी, किती शतके, किती भोपळे. पहिला भाग डोळ्यांना लगेच पटतो. दुसरा तपासायला वही-पेन्सिल घ्यावी लागते.

बुक क्रिकेटचा हिशोब

मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी आपल्या शाळांमध्ये क्रिकेटची एक नक्कल चालायचीच. मास्तर फळ्याकडे वळले की शेवटच्या बाकावर पाठ्यपुस्तक उघडायचे. डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा म्हणजे त्या चेंडूवरच्या धावा. शून्य आले की गडी बाद. आठ आले की कुठे एक धाव, कुठे धाव नाही; नियम वर्गागणिक वेगळा.

डाव्या पानाचा क्रमांक नेहमी सम असतो. म्हणजे शेवटी ०, २, ४, ६ किंवा ८ यांपैकीच काहीतरी येणार. पुस्तक खरोखर कुठेही उघडले, तर प्रत्येकाची शक्यता पाचात एक. आठला धाव नाही असे धरू. पाच चेंडूंमागे सरासरी २ + ४ + ६ म्हणजे १२ धावा आणि एक बळी. फलंदाजाची सरासरी झाली १२ आणि स्ट्राइक रेट २४०! अख्खा संघ साधारण पन्नास चेंडूंत, म्हणजे नवव्या षटकात, १२०च्या आसपास गारद. दर चार डावांत एक भोपळा. शतक मात्र सुमारे बाराशे डावांत एखादेच.

खऱ्या कसोटी क्रिकेटमध्ये एका बळीमागे साधारण तीसेक धावा होतात आणि साठ-सत्तर चेंडू लागतात. म्हणजे बुक क्रिकेट मजेचे असले, तरी आकड्यांच्या परीक्षेत साफ नापास.

यावर उपाय सोपा वाटतो. बाद होण्याची शक्यता पाचात एक ऐवजी साठात एक करा, चौकार-षटकार कमी करा, बहुतेक चेंडू निर्धाव ठेवा, की सरासरी आपोआप तिशीत येईल. संगणकाला असे आकडे जुळवून देणे हे काही मिनिटांचे काम. पण सरासरी जुळली म्हणजे खरेपणा आला का? कांदा उत्पादकाला वर्षभराचा सरासरी भाव सांगून बघा. तो विचारेल, ‘मी माल आणला त्या दिवशी काय होता?’ एक वर्ष असे असू शकते की भाव बाराही महिने स्थिर राहिला, आणि दुसरे असे की सहा महिने मातीमोल आणि सहा महिने आभाळाला टेकलेला. दोन्ही वर्षांची सरासरी एकच निघेल. शेतकऱ्याचे आयुष्य एकच राहणार नाही. तेव्हा सरासरीच्या दोन्ही अंगांना आकडे किती आणि कसे पसरलेत, हे बघितल्याशिवाय नक्कल जोखता येत नाही.

अमेरिकेतले फासे

या तपासणीची परंपरा बेसबॉलमध्ये जुनी आहे. १९६१ साली हॅल रिचमन या अमेरिकन तरुणाने ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावाचा खेळ विकायला काढला. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूचे एक कार्ड. फासे टाकायचे, एक फासा ठरवणार की निकाल फलंदाजाच्या कार्डावर बघायचा की चेंडू फेकणाऱ्याच्या, आणि बाकीचे दोन ठरवणार की त्या कार्डावरची कोणती ओळ. कार्डावरच्या ओळी त्या खेळाडूच्या गेल्या हंगामातल्या कामगिरीवरून मांडलेल्या. पुढे संगणक आले, आणि १९९९मध्ये मार्कुस हाइन्झोन या जर्मन माणसाने ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा गेम आणला. त्यात अख्खे हंगामच्या हंगाम काही मिनिटांत खेळून होतात.

बेसबॉल अशा नकलेला सोयीचा आहे. चेंडू फेकणारा आणि तो टोलावणारा यांची ती जवळजवळ सुटी सुटी द्वंद्वे असतात. शिवाय अमेरिकेच्या प्रमुख स्पर्धेत प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो, त्यामुळे आकड्यांचा ढीग पडतो. गेमने खेळलेला हंगाम आणि प्रत्यक्षातला हंगाम शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहण्याचा छंद तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

त्या छंदातून एक धडा मिळाला. गेल्या हंगामावरून कार्ड बनवले आणि गेल्याच हंगामाशी ताडून पाहिले, तर ते जुळणारच! पेपर फोडून मिळवलेले ते गुण. शिवाय एखाद्या खेळाडूचा तो हंगाम नशिबाने चांगला गेला असेल, तर ते नशीबच त्याच्या कार्डावर गुण म्हणून छापले जाते. खरी परीक्षा म्हणजे जो हंगाम बनवणाऱ्याने पाहिलेला नाही, त्याच्याशी तुलना.

आपल्याकडे क्रिकेटचे गेम बनवणारे लोकही आहेत. ‘रिअल क्रिकेट’ ही गेमची मालिका मुंबईच्या नॉटिलस मोबाइल कंपनीची. ‘सचिन सागा’ पुण्याच्या जेटसिंथेसिसचा. क्रिकेटची नक्कल मात्र बेसबॉलपेक्षा अवघड. चेंडू जुना होतो, खेळपट्टी तडकते, आणि फलंदाज प्रत्येक चेंडूला त्याच इराद्याने खेळत नाही. त्यामुळे क्रिकेटच्या नकलेला निदान तीन परीक्षा द्याव्या लागतात.

पहिली परीक्षा: शतके आणि भोपळे

समजा, आपण एक अगदी साधा गेम बनवला. त्यात फलंदाज शून्यावर असो की नव्व्याण्णववर, पुढची धाव काढण्याआधी बाद होण्याची त्याची शक्यता कायम सारखीच. सरासरी ५० असेल, तर ढोबळमानाने दर ५१ पावलांपैकी ५० पावले पुढच्या धावेकडे आणि एक तंबूकडे. म्हणजे एक धाव पुढे जाण्याची शक्यता ५० भागिले ५१. शतकासाठी असे शंभर वेळा घडावे लागते. तो अपूर्णांक शंभर वेळा गुणला की उत्तर येते सुमारे १४ टक्के. सरासरी ५०च्या फलंदाजाने शंभर डावांत चौदा शतके काढावीत, असा या गेमचा दावा.

आता खऱ्या आकड्यांकडे वळू. सचिन तेंडुलकर: कसोटीत ३२९ डाव, सरासरी ५३.७८. नाबाद डावांची गुंतागुंत बाजूला ठेवली, तर आपला गेम सांगतो, शतके ५२. प्रत्यक्षात ५१! डॉन ब्रॅडमन: ८० डाव, सरासरी ९९.९४. गेम सांगतो ३०, प्रत्यक्षात २९. सुनील गावसकर: २१४ डाव, सरासरी ५१.१२. गेम सांगतो ३१, प्रत्यक्षात ३४.

एवढ्या साध्या सूत्रातून इतके जवळचे उत्तर मिळाले की कुणालाही वाटेल, काम फत्ते. इथेच थांबलो तर फसलो. याच सूत्राला भोपळ्यांबद्दल विचारू. तेंडुलकरचे भोपळे ते सांगते ६, प्रत्यक्षात १४. गावसकरांचे सांगते ४, प्रत्यक्षात १२. ब्रॅडमनचा एकसुद्धा भोपळा पुरता पदरात पडत नाही, प्रत्यक्षात ७.

हे भोपळे कुठे गेले? कारणे दोन. पहिले, धावा एकेकीने येत नाहीत; दोन येतात, चार येतात. त्यामुळे फलंदाज १ किंवा ३ या धावसंख्येवरून उडी मारून पुढे जाऊ शकतो, पण शून्यावरून सुरुवात केल्याशिवाय कुणाचीच सुटका नाही. म्हणून शून्यावर बाद होण्याची संधी इतर कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त. दुसरे कारण प्रत्येक फलंदाज जाणतो: सुरुवातीला नजर बसलेली नसते. चेंडू किती उसळतोय, किती वळतोय, याचा अंदाज यायला वेळ लागतो आणि तोवर तो कच्चा असतो. नामवंत फलंदाजालाही पहिली दहा मिनिटे जपून काढावी लागतात, असे जुने खेळाडू सांगतात ते उगाच नाही.

या प्रश्नावर संख्याशास्त्रज्ञांनीही डोके चालवले आहे. १९४५ साली इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात एल्डर्टन आणि वुड यांचे क्रिकेटच्या धावसंख्यांवरचे लेख आले होते. धावसंख्या भूमिती श्रेणीने उतरत जातात का, हा वुड यांचा विषय. आपला वरचा साधा गेम म्हणजे तीच भूमिती श्रेणी.

यातून गेमसाठी निघणारी कसोटी सोपी आहे. शतके मोजा, पण भोपळेही मोजा. मधले १० ते ३० धावांचे डाव किती, तेही मोजा. सलामीवीर आणि अकराव्या क्रमांकाचा गडी यांच्यात गेम फरक करतो का, ते पाहा. नक्कल करणारा सहसा ठळक आकडे जुळवतो, कारण लोक तेच बघतात. चूक सापडते ती कुणी न बघितलेल्या कोपऱ्यात.

दुसरी परीक्षा: नाडकर्णींची २१ षटके

आपल्याच जिल्ह्याशी नाते सांगणारे दुसरे उदाहरण आहे. बापू नाडकर्णी यांचा जन्म नाशिकचा, १९३३ सालचा. जानेवारी १९६४मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत त्यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. डावातले पृथक्करण असे: ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. समोर बॅरिंग्टन आणि बोलस हे दोन चिवट फलंदाज होते.

समजा, एखादा गेम प्रत्येक चेंडूला नव्याने फासा टाकतो. आधीच्या चेंडूशी पुढच्याचा काही संबंध नाही. नाडकर्णींसारखा काटकसरी गोलंदाज म्हणून निर्धाव चेंडूची शक्यता चांगली ९० टक्के ठेवू. सलग १३१ चेंडू निर्धाव जाण्याची शक्यता किती? ०.९ हा आकडा १३१ वेळा गुणला की उत्तर येते साधारण दहा लाखांत एक. अशा गेममध्ये तो स्पेल आपल्या हयातीत बघायला मिळणार नाही. हीच शक्यता ९५ टक्के केली, तर उत्तर एकदम सुमारे आठशेत एकावर येते.

मग प्रत्यक्षात तो घडला कसा? कारण चेंडू सुटे नव्हते. गोलंदाजाची टप्प्यावरची पकड आणि धाव घ्यायचीच नाही हा फलंदाजांचा निश्चय, या दोन गोष्टी तासन्‌तास टिकून होत्या. एक चेंडू निर्धाव गेला त्याच कारणाने पुढचाही गेला. संख्याशास्त्रात याला घटनांचे परस्परावलंबन म्हणतात.

गावसकरांची १९७५च्या विश्वचषकातली लॉर्ड्सवरची खेळी आठवा: १७४ चेंडूंत नाबाद ३६. समोर ६० षटकांत ३३५ धावांचे आव्हान होते. ती खेळी बरोबर की चूक हा वाद वेगळा. पण गावसकरांच्या कारकिर्दीतल्या कुठल्याही सरासरीतून ती निघत नाही. गेममध्ये ‘इरादा’ नावाची गोष्ट नसेल, तर आकडे गुळगुळीत येतात. सगळे डाव एकमेकांच्या भावासारखे दिसू लागतात.

त्याच्या दुसऱ्या टोकाला भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८मध्ये पुणे क्लबच्या मैदानावर काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर आलेला असताना काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. प्रतिस्पर्धी मैदान सोडून जातो, हे कोणत्या सूत्रात बसवणार? तरी कसोटी सांगता येते. एखाद्या गेममध्ये दर आठवड्याला कुणी ना कुणी चारशे करत असेल, तर तो खोटा. लाखो डाव चालवूनही कधीच कुणी तिथवर पोहोचत नसेल, तर तोही खोटाच. दुर्मिळ गोष्ट दुर्मिळ असावी, अशक्य नसावी.

तिसरी परीक्षा: एका हंगामाचा भरवसा नाही

गेम खेळणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, ‘हा गेम फिक्स आहे. माझा संघ चांगला असून ओळीने चार सामने हरवले!’ इथे बहुतेक वेळा गेमची नाही, आपल्या अंदाजाची चूक असते.

आयपीएलमध्ये साखळीत प्रत्येक संघाला १४ सामने मिळतात. समजा दहाही संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे निव्वळ नाणेफेक. तरीही एखाद्या संघाने १४ पैकी १० किंवा जास्त सामने जिंकण्याची शक्यता ९ टक्के निघते. चार किंवा त्याहून कमीच जिंकण्याची शक्यताही तेवढीच. म्हणजे दहा संघांत सरासरी एक संघ निव्वळ नशिबाने गुणतक्त्यात वर जाऊन बसणार आणि एक तळाशी. ओळीने चार किंवा जास्त पराभव होण्याची शक्यता आहे ३५ टक्के, म्हणजे दर तिघांत एका संघाच्या वाट्याला ते येणारच. मग टीव्हीवर ‘संघाचा आत्मविश्वास हरवला’ अशी चर्चा रंगते.

म्हणून एक हंगाम खेळून गेम खरा की खोटा ठरवता येत नाही. शंभर हंगाम चालवावे लागतात आणि मग प्रत्यक्षातला हंगाम त्या शंभरांच्या पसाऱ्यात कुठे बसतो, ते बघावे लागते. प्रत्यक्षातला हंगाम पार कडेला जाऊन पडत असेल, तर गेमवर शंका घ्यावी. मधेच कुठेतरी बसत असेल, तर निदान या परीक्षेत गेम पास.

नशिबाचा पसारा न ओळखण्याची किंमत गेममध्ये फार तर चिडचिड असते. पैसे लावले की ती खिशातून जाते. ‘चार हरलाय, आता पाचवा जिंकणारच’ हा हिशोब कितीतरी तरुणांनी खरा मानला. नाण्याला मागचे काही आठवत नसते. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. कायद्याने दार बंद होते; डोक्यातला चुकीचा हिशोब मात्र आपल्यालाच दुरुस्त करावा लागतो. शंभर आभासी हंगाम चालवून पराभवांच्या रांगा स्वतः मोजलेला मुलगा ‘हमखास फॉर्म्युला’ विकणाऱ्याला सहज फसणार नाही.

मुंबईचा प्लेग आणि एक देखणा आलेख

नकलेचे हे शास्त्र मुळातच एका खेळातून वाढले. १९४६मध्ये स्टानिस्लाव उलाम हे गणितज्ञ मोठ्या आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडून बसत. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढण्याऐवजी शंभर डाव मांडून सरळ मोजावेत, असे त्यांच्या मनात आले. त्यातून पुढे ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत उभी राहिली. आज औषधांपासून अणुभट्टीपर्यंत ती वापरली जाते.

नक्कल जोखण्यात कुठे घसरायला होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र त्याच्याही आधीचे आणि आपल्या मुंबईचे आहे. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी साथ कशी चढते आणि उतरते याचे गणित मांडले. करोनाच्या काळात ज्या ‘एसआयआर’ प्रारूपाचे नाव सगळीकडे ऐकू आले, त्याचे मूळ या लेखात आहे. उदाहरण म्हणून त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे आठवड्यागणिक आकडे घेतले. गणिताची वक्ररेषा त्या आकड्यांवर अशी चपखल बसली की तो आलेख पुढे वारंवार छापला गेला.

पण प्लेग सहसा माणसाकडून माणसाकडे सरळ जात नाही. तो मुख्यतः उंदरांच्या पिसवांमधून येतो. शिवाय मुंबईत तो दरवर्षी ठरावीक महिन्यांत चढायचा आणि उन्हाळा तापला की उतरायचा, कारण उष्ण हवेत पिसवा फारशा टिकत नाहीत. ते गणित मात्र लागण होण्याचा वेग कायम सारखा धरते. ऋतूला त्यात जागाच नाही. आपली गृहीतके काटेकोरपणे पाळली जात नाहीत आणि हा अंदाज फार ढोबळ आहे, हे त्या दोघांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. आलेख पुढे गेला, इशारा मागे राहिला. २०१२मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने याच मुंबईच्या आकड्यांकडे पुन्हा पाहिले आणि ऋतूचा परिणाम धरल्याशिवाय हे प्रारूप तिथे लागू करता येत नाही, हे दाखवले.

एका वर्षाची रेषा जुळली म्हणून साथीचे कारण कळले, असे होत नाही. तेंडुलकरची शतके जुळली म्हणून फलंदाजी कळली, असे होत नाही, तसेच. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारायला हवा: नक्कल करणाऱ्याने जे जुळवायला घेतलेच नव्हते, ते जुळते का? मुंबईच्या बाबतीत तो प्रश्न होता, ‘पुढच्या वर्षीही नेमक्या त्याच महिन्यांत साथ का येते?’ आणि गेमच्या बाबतीत, ‘भोपळे किती?’

घरच्या घरी तपासणी

सुट्टीत एखाद्या मुलाला हे करून बघता येईल. ज्या गेममध्ये संगणकच दोन्ही संघ खेळवतो अशी सोय असेल, तिथे शंभर सामने चालवा. वहीत प्रत्येक डावाची धावसंख्या, फलंदाजाचा क्रमांक आणि निकाल लिहा. शेजारी त्याच प्रकारच्या खऱ्या सामन्यांचे आकडे घ्या; ‘क्रिकशीट’वर चेंडूगणिक नोंदी मोफत मिळतात. पाच षटकांच्या सामन्याची तुलना कसोटीशी करू नका, कारण तिथे इरादाच वेगळा असतो. मग चार गोष्टी ताडून बघा: भोपळ्यांचे प्रमाण, मोठ्या खेळींचे प्रमाण, वरच्या आणि शेवटच्या फलंदाजांतला फरक, ओळीने जिंकण्या-हरण्याच्या रांगा. सरासरी सगळ्यात शेवटी बघा.

गेम नापास झाला तरी तो टाकाऊ ठरत नाही. कसोटीत बहुतेक चेंडूंवर धाव निघत नाही. तसा हुबेहूब गेम केला, तर ट्रॅक्टरच्या रांगेत बसून तो कोण खेळणार? करमणुकीसाठी बनवणाऱ्याने षटकार वाढवले, तर तो त्याचा धंदा आहे. ‘हुबेहूब’ असा दावा केला, की मात्र वही उघडावी.

ही सवय गेमपुरती राहत नाही. निफाड तालुक्यात द्राक्षबागायतदार पावसाचा अंदाज बघून फवारणी ठरवतो. हवामान विभागही आता मोसमी पावसाच्या दीर्घकालीन अंदाजासाठी एकाऐवजी अनेक प्रारूपांचे निकाल एकत्र घेतो. ‘पावसाची शक्यता ७० टक्के’ असे सांगितले आणि पाऊस आला नाही, तर लगेच अंदाज खोटा ठरत नाही. आणि आला, तर खराही ठरत नाही. असे ७० टक्क्यांचे दहा दिवस वहीत टिपा. त्यांतले सातच्या आसपास दिवस ओले गेले तर ठीक. दहाच्या दहा गेले, तरीही अंदाजात खोट असण्याची शंका घ्यायला हवी. दहा दिवस पुरेसे नाहीत, हे आता वेगळे सांगायला नको. दोन-तीन हंगामांची नोंद झाली, की कुणाच्या अंदाजावर किती विसंबून फवारणीचा खर्च करायचा, हे बागायतदाराला स्वतःच्या वहीवरूनच ठरवता येईल.